ठसठस की चुरचुर? : जपानी भाषेतील नादशब्दांविषयी

आमची एक भाची हैदराबादेत जन्मली, येथेच वाढली आणि पुढे पुण्यास जाऊन जपानी शिकली. जपानी भाषेच्या परीक्षेला पाच पायऱ्या आहेत. त्यांतील वरून दुसरी पायरी तिने पार केली आणि नोकरीनिमित्त ती जपानला गेली. तेथे पहिल्याच हिवाळ्यात तिचे पोट दुखू लागले म्हणून ती एका दवाखान्यात गेली. डॉक्टर वयस्क आणि सौजन्यशील होते. त्यांनी विचारले, "कसे दुखते? किरीकिरी, की शिकुशिकु, की झुकीझुकी?" भाचीला जपानी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचता येत असे, कचेरीतला पत्रव्यवहारही ती जपानीतच करी, परंतु या तीन शब्दांपुढे ती मुकाट बसून राहिली. डॉक्टरांनी तोच प्रश्न पुन्हा, अधिक सावकाश विचारला. परक्याला शब्द सावकाश ऐकविला की तो कळतो, ही समजूत सर्व देशांत सारखीच दिसते. अखेर तिने पोटावर हात ठेवून "खूप" एवढेच सांगितले.

त्या रात्री तिने घरी फोन केला. फोनवर आमच्या मातोश्री होत्या. त्यांनी सारी हकीगत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "अगं, नुसतं दुखतंय म्हणून काय कळणार? कळ येते, की बारीक बारीक दुखत राहतं, की ठणका लागलाय?" पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग भाची म्हणाली, "आजी, डॉक्टर हेच विचारत होते गं!"

खरोखरच तसे होते. 'किरीकिरी' म्हणजे भोसकल्यासारखी येणारी कळ, 'शिकुशिकु' म्हणजे मंद आणि न थांबणारे दुखणे आणि 'झुकीझुकी' म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर उठणारी ठसठस. डॉक्टरांच्या तोंडची जपानी आणि मातोश्रींच्या तोंडची मराठी यांचा प्रश्न एकच होता आणि मध्ये पुस्तकी जपानी शिकलेली आमची भाची निरुत्तर झाली होती. या प्रसंगानंतर आम्ही या शब्दांच्या मागे लागलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जपानी भाषेत अशा शब्दांचे कुळ फार मोठे आहे. ओनो मासाहिरो यांनी संपादिलेल्या २००७ च्या एका कोशात असे ४,५०० शब्द नोंदविले आहेत. त्यांतले काही प्रत्यक्ष आवाजाची नक्कल करतात. त्यांना 'गिओंगो' म्हणतात. कुत्र्याचे 'वान्‌वान्', कोंबड्याचे 'कोकेकोक्को', दारावरच्या थापेचे 'तोन्‌तोन्' हे या प्रकारचे शब्द होत. असे शब्द जगातील बहुतेक भाषांत सापडतात, त्यांचे फारसे नवल नाही. नवल आहे ते 'गिताइगो' या दुसऱ्या प्रकाराचे. जेथे मुळात आवाजच नाही तेथे हे शब्द आवाज पुरवितात. तारे 'किराकिरा' चमकतात. त्यांचा आवाज कोणी ऐकला आहे? घोटलेली फरशी 'त्सुरुत्सुरु' असते. याच्याही पुढे जाऊन मनाच्या अवस्थांना नाद देणारे शब्द आहेत, त्यांना 'गिजोगो' म्हणतात. 'इराइरा' म्हणजे चिडचिड, 'वाकुवाकु' म्हणजे आनंदाची उत्कंठा, आणि दुसऱ्याला धोक्यात पाहून आपला जीव टांगणीला लागतो ती अवस्था 'हाराहारा'. किंदाइची हारुहिको या भाषापंडितांनी १९७८ साली निघालेल्या एका नादशब्दकोशाच्या प्रस्तावनेत याहून सूक्ष्म अशी पाच प्रकारांची विभागणी केली आहे. आपल्याला येथे तिच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. एक शब्द मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्ण शांततेलाही जपानीत नादशब्द आहे: 'शीन्'. सभागृहात सारे एकदम गप्प झाले की तेथे 'शीन्' होते!

इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला हे सारे विलक्षण वाटते. मराठी माणसाला तसे वाटण्याचे कारण नाही. हुरहुर, रुखरुख, चुटपुट, धाकधूक, तगमग, चुळबुळ हे शब्द आपण लहानपणापासून वापरीत आलो. आपल्या शालेय व्याकरणात त्यांची सोय 'अभ्यस्त शब्द' या प्रकरणात, 'अनुकरणवाचक' या पोटभेदाखाली केलेली असते. पान-अर्धे पान मजकूर आणि परीक्षेत एक गुण, एवढीच त्यांची प्रतिष्ठा. आम्हांला तर ते नावही अपुरे वाटते. 'किणकिण' हे अनुकरण आहे खरे; पण 'हुरहुर' हे कशाचे अनुकरण? गाडी सुटल्यावर फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या मनातून कोणता आवाज निघतो? जपानी पंडितांनी आवाजाची नक्कल, अवस्थेची नक्कल आणि भावनेची नक्कल असे निराळे खण केले, त्यात त्यांची दृष्टी अधिक नेमकी दिसते.

आता या शब्दांची घडण पाहू. जपानी लिपीत 'का' या अक्षराच्या खांद्यावर दोन बारीक रेघा दिल्या की त्याचा 'गा' होतो. त्याच रेघांनी 'सा'चा 'झा' आणि 'ता'चा 'दा' होतो. या चिन्हाला 'दाकुतेन' म्हणतात. लहानसा खडा घरंगळतो तेव्हा तो 'कोरोकोरो' जातो. दोन रेघा द्या, की 'गोरोगोरो' होते आणि खड्याच्या जागी भला मोठा धोंडा येतो. हलके दार ठोठावणे 'तोन्‌तोन्', तर मुठीने बडविणे 'दोन्‌दोन्'. ताऱ्यांची शोभा 'किराकिरा', पण डोळ्यांना खुपणारी झगझग 'गिरागिरा'. रेशमी, मोकळ्या केसांचा स्पर्श 'सारासारा', तर वाळू सांडलेल्या जमिनीचा 'झाराझारा'. मृदू व्यंजन आले की वस्तू मोठी, जड, ओबडधोबड किंवा नकोशी होते, असा हा साधारण नियम आहे. जपानी मुलाला तो कोणी शिकवीत नाही. लिपी शिकण्यापूर्वीच त्याच्या कानाला तो ठाऊक असतो.

'गोरोगोरो'चे आणखी दोन अर्थ ऐका. ढगांचा आवाज 'गोरोगोरो' आणि सुट्टीच्या दिवशी घरात आळसाने लोळत पडणे हेही 'गोरोगोरो'. मराठीत ढग गडगडतात आणि धोंडाही डोंगरावरून गडगडत येतो. दोन भाषांचा एकमेकींशी काडीचा संबंध नसताना मेघाला आणि धोंड्याला दोघींनी एकच शब्द द्यावा, हे आम्हांला मोठे मौजेचे वाटले. रविवारी दुपारी लोळणाऱ्या गृहस्थास मात्र मराठीने या शब्दातून वगळले आहे.

जपानीत ही दोनच पावले आहेत, मराठीत अधिक आहेत. पैंजण किणकिणतात, चांदीचा रुपया खणखणतो आणि देवळातील घंटा घणघणते. क, ख आणि घ या एकाच वर्गातील तीन व्यंजनांनी तीन आकारांच्या धातूंचे वजन सांगितले. त्याचप्रमाणे ओढा खळखळ वाहतो, पण डोळ्यांतून पाणी घळघळ येते. वीज कडकडते आणि ढग गडगडतो. ज्या प्रवाहाचा आवाज 'धबधब' येतो, त्याचे तर नावच आपण धबधबा ठेवून दिले!

शोको हामानो या विदुषींनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात जपानी नादशब्दांची फोड करून दाखविली. शब्दाचे पहिले व्यंजन वस्तूचा पोत आणि वजन सांगते, तर दुसरे व्यंजन हालचालीचा प्रकार सांगते, असा त्यांचा सिद्धान्त आहे. दुसऱ्या जागी 'र' असला की घरंगळणे, वाहणे, निसटणे असा भाव येतो: कोरोकोरो, सारासारा, त्सुरुत्सुरु. हे वाचीत असता आम्हांला आपल्या 'ळ'ची आठवण झाली. खळखळ, झुळझुळ, सळसळ, घळघळ, वळवळ, बुळबुळ या सगळ्यांत काही तरी वाहते, सरपटते किंवा हातातून सुटते. उलट कडकड, फडफड, धडधड, तडतड यांत 'ड' आला की आघात आला. हा काही सिद्धान्त नव्हे, घरगुती निरीक्षण आहे. पण वाचकांनी चार शब्द मनाशी घोळवून पाहावेत.

शब्दाच्या शेवटालाही अर्थ असतो. 'कोरोकोरो' म्हणजे खडा घरंगळतच राहिला. 'कोरोरी' म्हणजे एकदाच कलंडला आणि स्थिरावला. 'कोरोत्तो' म्हणजे झटक्यात. 'कोरोन्' म्हणजे पडला आणि त्याचा नाद क्षणभर मागे रेंगाळला. धातू एकच, पण शेपूट बदलताच काळाची आणि गतीची चार चित्रे उभी राहतात. मराठीत पाणी टपटप गळते, पण आंबा टपकन पडतो. पाने सळसळतात, पण साप सळकन जातो. वीज लखलखते आणि लखकन चमकून जाते. दुरुक्ती आली की क्रिया चालू राहिली, 'कन' किंवा 'दिशी' आले की एकदाच झाली. हा नियम आपण कोणत्या इयत्तेत शिकलो? जपानीचे मराठी विद्यार्थी येथे अडखळतात, कारण शिक्षक त्यांना इंग्रजीच्या आधाराने शिकवितात आणि इंग्रजीत हा खुंटा नाही. 'कोरोकोरो' आणि 'कोरोत्तो' यांतील भेद 'टपटप' आणि 'टपकन' यांतील भेदासारखा आहे, असे सांगितले तर अर्ध्या मिनिटाचे काम.

विषय निघालाच आहे तर लिपीविषयीही थोडे सांगतो. जपानी मुले आपली अक्षरे या क्रमाने घोकतात: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम वाचकांस ओळखीचा वाटला असेल. तो आपल्या वर्णमालेचाच आहे. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीतून संस्कृत मंत्रांचा अभ्यास केला आणि त्या अभ्यासातून हा क्रम जपानी भाषेस मिळाला. कूकाई नावाचे थोर आचार्य इ. स. ८०६ मध्ये चीनहून परतले तेव्हा ही विद्या त्यांनी बरोबर आणली होती. पुढे अकराव्या शतकाच्या सुमारास जपानी अक्षरांची मांडणी या धर्तीवर झालेली दिसते. पण क्रमात एक खोट आहे. 'ना' आणि 'मा' यांच्यामध्ये आपल्याकडे प-वर्ग येतो, तेथे 'हा' कसा येऊन बसला?

याचे उत्तर असे की तो मुळी 'हा' नव्हताच, तो 'पा' होता. जुन्या जपानीतला 'प' ओठ सैल पडत पडत 'फ'सारखा झाला आणि शेवटी 'ह' होऊन बसला. उएदा काझुतोशी या भाषाशास्त्रज्ञांनी १८९८ साली हे प्रतिपादन केले. आजही 'हा'वर दोन रेघा दिल्या की 'बा' होतो आणि छोटे वर्तुळ दिले की 'पा' होतो. जुन्या घराची ती खूण आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने खरी गंमत पुढेच आहे. नेहमीच्या शब्दांतला 'प' गेला, नादशब्दांतला मात्र राहिला. प्रकाशाला जपानीत 'हिकारी' म्हणतात, आणि चकचकीत वस्तू मात्र अजून 'पिकापिका' चमकते. कोंबडीचे पिल्लू 'हियोको' झाले, पण त्याचे चिवचिवणे 'पियोपियो'च राहिले. पंडितांचे, दरबाराचे, पोथ्यांचे शब्द काळाबरोबर बदलले आणि पाळण्याजवळचे शब्द होते तसे राहिले. ज्यांना आपण बालिश म्हणून हसतो, तेच भाषेतले सर्वांत जुने रहिवासी निघाले.

हसण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, जपानातही या शब्दांना सर्वांनी मान दिला आहे असे नव्हे. युकिओ मिशिमा यांनी गद्यलेखनावरील १९५९ च्या आपल्या पुस्तकात नादशब्दांविषयी नापसंती व्यक्त केली. त्यांनी गद्याचा दर्जा खालावतो असे त्यांचे मत होते. उलट मियाझावा केंजी (१८९६–१९३३) यांनी आपल्या बालकथांत स्वतःचे नवे नादशब्द घडवून वापरले आणि ते वाचकांनी आनंदाने स्वीकारले. आमचा कौल अर्थातच मियाझावांच्या बाजूने आहे. मिशिमांचे गद्य भारदस्त असेल, पण पोट दुखू लागले तर भारदस्तपणाचा उपयोग किती, हे आमच्या भाचीस विचारावे.

स्वयंपाकघरात तर या शब्दांचे राज्यच असते. दिवाळीची चकली कुरकुरीत हवी आणि करंजी खुसखुशीत हवी. करंजीला कोणी कुरकुरीत म्हटले तर करणारीचा चेहरा पडतो, कारण तो दोष झाला. जपानी गृहिणी हाच भेद 'कारीकारी' आणि 'साकुसाकु' असा करते. कडक तळलेले ते 'कारीकारी', दाताखाली पापुद्र्यांनी हलकेच तुटते ते 'साकुसाकु'. बुळबुळीत म्हणजे 'नुरुनुरु', गुळगुळीत म्हणजे 'त्सुरुत्सुरु', खरखरीत म्हणजे 'झाराझारा', हाताला चिकचिक लागते ते 'बेताबेता'. मराठीने 'ईत' हा प्रत्यय लावून अशा विशेषणांची केवढी रास घातली आहे! लुसलुशीत, झणझणीत, ठुसठुशीत, चुरचुरीत. आमच्या घरातील नवी पिढी चकलीलाही 'क्रिस्पी' म्हणते आणि करंजीलाही 'क्रिस्पी'च म्हणते. शब्द एक झाला की जिभेलाही दोन्ही एकच लागू लागतात की काय, अशी शंका आम्हांला येते.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. वरील साम्ये पाहून कोणी जपानी आणि मराठी यांचे नाते जोडू लागेल तर ते चूक ठरेल. दोन्ही भाषांची कुळे निराळी आहेत. भारतातील भाषांपुरते बोलावयाचे तर मरे इमेनो या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी १९६९ च्या एका लेखात दाखविले, की हे द्विरुक्त नादशब्द द्राविडी आणि आर्य या दोन्ही कुळांच्या भाषांत पसरलेले असून शेजाराने ते एकमेकींकडे गेले आहेत. हैदराबादेत राहणाऱ्यास याचा पडताळा रोज येतो. आपण गबागबा खातो आणि तेलुगू शेजारी 'गबगबा' म्हणजे घाईघाईने निघतो. पण फसगतही तितकीच होते. तेलुगूत 'चकचका' चालणे म्हणजे भरभर चालणे, आपली 'चकचक' भांड्यांवर असते. तेलुगूत 'तळतळ' म्हणजे लखलख, आणि मराठीत कोणाची तळतळ घेऊ नये असे वडीलधारे सांगतात. आमच्या घरी नव्याने कामास आलेल्या बाईंनी पितळेचा दिवा घासून "तळतळ झाला" असे तेलुगूत कौतुकाने म्हटले, तेव्हा मातोश्री दचकल्या होत्या.

म्हणजे नाद ऐकून अर्थ आपोआप कळतो, हे अर्धेच खरे. ते कितपत खरे, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आले आहेत. शब्द आणि अर्थ यांचा संबंध केवळ संकेताचा असतो, हे फेर्दिनां द सोस्यूर यांचे मत त्यांच्या पश्चात १९१६ साली प्रसिद्ध झाले आणि भाषाशास्त्राचा पायाच होऊन बसले. पण १९२९ साली वोल्फगांग कोलर यांनी एक टोकदार आणि एक गोलसर आकृती काढून 'ताकेते' कोणती आणि 'बालुबा' कोणती, असा साधाच प्रश्न विचारला. टोकदार आकृतीस 'ताकेते' म्हणण्याकडे सर्वसाधारण कल दिसून आला. २००१ साली रामचंद्रन आणि हबर्ड यांनी 'किकी' आणि 'बूबा' हे शब्द घेऊन तोच खेळ पुन्हा मांडला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २५ भाषांच्या ९०० हून अधिक लोकांना हे दोन शब्द ऐकविले, तेव्हा सुमारे ७२ टक्के उत्तरे अपेक्षेप्रमाणे आली. शंभरांतील बहात्तर! संकेत शंभर टक्के असता तर पन्नासच आली असती आणि निसर्ग शंभर टक्के असता तर सर्वच आली असती.

जपानातील इमाई मुत्सुमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली याहून उपयोगी प्रयोग केला. तीन वर्षांच्या मुलांना चालण्याचे निरनिराळे प्रकार दाखवून त्यांना नवी, बनावट क्रियापदे शिकविली. जड पावलांनी सावकाश चालणे याला 'नोसुनोसु' असे नाव दिले, की दुसरा कोणी तसाच चालताना पाहून मुले तो शब्द बरोबर लावीत. नादाचा आणि चालीचा मेळ नसलेला शब्द दिला, की ती गोंधळत. पुढे २०११ मध्ये हाच अनुभव जपानी मुळीच न येणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांबाबतही आला. मूल जगाला शब्द चिकटविण्यास शिकते तेव्हा पहिला डिंक नादाचा असतो, असा याचा अर्थ. इमाई यांनी आकिता किमी यांच्यासमवेत लिहिलेले भाषेच्या स्वरूपाविषयीचे छोटेसे पुस्तक २०२३ साली निघाले आणि भाषाशास्त्रावरील पुस्तक असूनही जपानात त्याचा प्रचंड खप झाला.

उरलेल्या अठ्ठावीस उत्तरांत शिक्षकाची खरी कसोटी लागते. 'निकोनिको' म्हणजे प्रसन्न स्मित. 'नियानिया' म्हणजे छद्मी, काही तरी मनात ठेवून केलेले हसू. दोन्हींतील अंतर आपल्या 'खुदकन' आणि 'फिदीफिदी' यांतील अंतरासारखे आहे. आमच्या भाचीने पुण्याहून निरोप घेताना आपल्या जपानी बाईंना आभाराचे पत्र लिहिले आणि त्यात "आपण वर्गात नेहमी नियानिया असता, ते मी विसरणार नाही" असे लिहून ठेवले. बाईंनी उत्तरात काय लिहिले ते तिने आम्हांला अद्याप सांगितलेले नाही.

प्राथमिक पाठ्यपुस्तकांत या शब्दांना फार थोडी जागा मिळते, ही तक्रार जुनी आहे. कारणही समजण्यासारखे आहे. व्याकरणाचे नियम सांगता येतात, चित्रलिपीची अक्षरे मोजता येतात. पण 'मोजीमोजी' कसे शिकवावे? पाहुण्यांपुढे काही बोलावयाचे आहे आणि बोलवत नाही म्हणून मूल अंग चोरून चुळबुळ करते, ते 'मोजीमोजी'. याची व्याख्या पाठ करून भागत नाही, ते करून दाखवावे लागते. जपानी माता ते करूनच दाखविते. तेथे नादशब्दांचीच म्हणावीत अशी चित्रपुस्तके असतात. तानिकावा शुनतारो यांचे 'मोको मोकोमोको' हे १९७७ चे पुस्तक त्यांतले प्रसिद्ध आहे. मांडीवरच्या मुलास ते आजही वाचून दाखवितात. परदेशी विद्यार्थी मात्र मांडी सोडून थेट बाकावर बसतो, म्हणून हा पहिला धडा त्याचा हुकतो.

आणि हा केवळ शब्दांचा छंद नव्हे. इंडोनेशियातून २००८ पासून, फिलिपाइन्समधून २००९ पासून आणि व्हिएतनाममधून २०१४ पासून परिचारिका आणि वृद्धांची शुश्रूषा करणारे लोक करारान्वये जपानात जाऊ लागले. भारतानेही जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांविषयी असा करार केला असून त्यात शुश्रूषेचे क्षेत्र आहे. अंथरुणावर पडलेली ऐंशी-नव्वद वर्षांची जपानी आजी आपले दुखणे पुस्तकी भाषेत सांगत नाही. ती म्हणते, डोके 'गान्‌गान्' करते, घशात 'इगाइगा' होते, छातीत 'मुकामुका' होते, कातडी 'हिरीहिरी' होते. आमच्या मातोश्री म्हणतील, डोक्यात घण पडताहेत, घसा खवखवतो, मळमळते, चुरचुरते. ऐकणाऱ्याला शब्द कळला नाही तर औषध चुकू शकते. हे परकीयांपुरतेच नाही. मार्च २०११ मधील भूकंप आणि त्सुनामी यांनंतर तोहोकू प्रांतात बाहेरून मदतीस गेलेल्या जपानी डॉक्टरांनाच तेथील वृद्धांचे नादशब्द उमजेनात, कारण ते बोलीतले होते. तेव्हा राष्ट्रीय जपानी भाषा संस्थेतून २०१२ साली त्या बोलींतील नादशब्दांची, उदाहरणांसह, एक पुस्तिका काढण्यात आली. व्याकरणात अर्धे पान मिळविणाऱ्या शब्दांसाठी आपत्तीच्या काळात पुस्तिका काढावी लागली.

आपल्याकडे मोल्सवर्थ साहेबांनी १८३१ च्या कोशात आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत असे शब्द हौसेने टिपून ठेवले, हे आपले भाग्य. परंतु कोशात शब्द असणे निराळे आणि घरात असणे निराळे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांतून मराठीचे कोणते शब्द आधी जातात, याचा आम्ही थोडा विचार केला. नातेवाचक शब्द टिकतात, देवाधर्माचे टिकतात, पदार्थांची नावे टिकतात. नादशब्द आधी जातात, कारण ते शाळेत नाहीत, वर्तमानपत्रात थोडे आहेत आणि पत्रिकेवर छापले जात नाहीत. ते केवळ तोंडातून कानात जातात आणि त्यासाठी ते तोंड आणि तो कान एका घरात असावे लागतात. आमच्या भाचीस ठणका आणि कळ यांतील भेद ठाऊक होता, तो आजीपाशी बालपण गेले म्हणून. तिच्या धाकट्या भावाचे बालपण वसतिगृहात गेले. त्याला कधीही विचारा, त्याचे नुसतेच 'दुखते'.

भाची दोन वर्षांनी परतली. आता ती रविवारी सकाळी घरीच सात-आठ मुलांना जपानी शिकविते. त्यांतली चार मराठी, बाकीची तेलुगू आणि उर्दू बोलणारी आहेत. तिची रीत अशी, की प्रत्येक आठवड्यास मुलांनी आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून पाच नादशब्द आणावयाचे. मग एक वही उघडली जाते. डाव्या बाजूस जपानी शब्द, उजव्या बाजूस तीन भाषांतले शब्द. 'दोकीदोकी'समोर धडधड लगेच बसली. पावसाची पाने भरली: 'झाझा'समोर धो धो, 'शितोशितो'समोर रिमझिम. 'रिपरिप' मात्र कोठे लिहावी यावर बराच वाद झाला. कारण रिपरिपीत पावसाबरोबर कंटाळाही पडतो. 'रुखरुख' एका मुलाने पणजीकडून आणली होती, तिच्यासमोर पेन्सिलीने 'मोयामोया' लिहून पुढे प्रश्नचिन्ह दिले आहे. 'मोयामोया'त मनावरचे धुके आहे, पण काही राहून गेल्याचे शल्य नाही, असे भाचीचे म्हणणे. 'हुरहुर'पुढे अद्याप काहीच नाही.

डावीकडे 'शीन्' लिहून उजवी जागा कोरी ठेवली आहे. मुलांनी 'सामसूम' सुचविले. पण सामसूम रस्त्यावर असते, भरलेल्या सभेत नसते. 'चिडीचूप' जवळचा होता, तो भाचीने घेतला नाही, कारण त्यात धाक आहे आणि 'शीन्'मध्ये नाही. मातोश्रींनी 'किर्र' सुचविला. तो रात्रीचा आहे आणि त्यात रातकिडे ओरडतात, म्हणून तोही राहिला. वाचकांपैकी कोणाच्या घरी याहून नेमका शब्द असल्यास त्यांनी तो मासिकाच्या पत्त्यावर अवश्य कळवावा. भाचीच्या वहीत ती ओळ मोकळी आहे.